तबकडीवरचा षड्ज

सुरत शहरातून तापी ओलांडून कामरेजच्या बाजूस निघाले म्हणजे कठोर नावाचे गाव लागते. त्या गावात उतरून काही शोधीत हिंडणारा मराठी माणूस आज सहसा दिसावयाचा नाही. परंतु मराठी रंगभूमीच्या संगीताचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यातील एक मोठे प्रकरण त्याला या गावापासूनच आरंभावे लागेल. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी येथे झाला. कठोर तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मोडत असे. बडोद्यास विष्णुबुवा पिंगळे यांच्याकडे त्यांचे पहिले शिक्षण झाले. गोड गळ्याचा मुलगा म्हणून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. 'रामराज्यवियोगा'तील कैकेयीची भूमिका त्यांनी केली. पुढे वयाप्रमाणे आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. त्यानंतर फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन निरनिराळ्या वळणांच्या गुरूंच्या पायाशी बसून त्यांनी जी विद्या मिळविली, ती वर्षानुवर्षांच्या सेवेची विद्या होती. ज्या रंगभूमीने आवाज फुटताच त्यांना दूर केले, तिच्याकडे ते परत आले ते चालींचे दाते म्हणून. १० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्वांची रुक्मिणी होती आणि चाली बुवांच्या होत्या. यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे मैफलीतले राग त्या एका नाटकाने सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर आणून बसविले.

८ एप्रिल १९२२ रोजी बुवा निवर्तले. त्यांचे गाणे ऐकलेला मनुष्य आज हयात असणे शक्य नाही, आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. म्हणजे बुवांच्या हयातीची अखेरची वीस वर्षे यंत्र या देशात फिरत होते, कलावंतांना पाचारण करीत होते, आणि तरीही कठोरच्या या गवयाचा एक षड्जसुद्धा मेणावर उमटून राहिला नाही. मराठी संगीताच्या हानीत मी ही फार वरच्या क्रमांकाची हानी समजतो.

मग बुवांची चाल आपल्यापर्यंत आली कशी? एक वाट शिष्यपरंपरेची. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव आणि त्यांच्यापासून पुढे शिकलेले अनेक. दुसरी वाट या शिष्यांच्या तबकड्यांची. पहिल्या वाटेविषयी आपण सावध असतो. गळ्यागणिक चाल थोडी वळणार, कोणी एखादी जागा वाढविणार, कोणी गाळणार, हे आपण गृहीतच धरतो. दुसऱ्या वाटेविषयी मात्र आपली श्रद्धा डोळस नसते. तबकडी ही साक्षात त्या दिवसाची साक्ष, तिच्यात जे ऐकू येते तसेच ते गायिले गेले, अशी आपली समजूत असते. या समजुतीवर पुष्कळ मते उभी राहिली आहेत. त्या पिढीचे लोक फार उंच पट्टीत गात, फार घाईने गात, आणि त्यांच्या आवाजाला एक बारीक, किंचित बाहुलीसारखा रंग असे, हे आपण कितीदा ऐकतो! या तीन विधानांपैकी किती त्या गायकांविषयी खरी आहेत आणि किती त्यांच्या तबकड्यांविषयी, एवढाच प्रश्न आजच्या भाषणात घ्यावयाचा आहे.

प्रश्नाचे मूळ समजून घेण्यास संगीतशास्त्र लागत नाही. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा यांना लागून बमरोली आहे. खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात वसली आणि त्यांतील कित्येकांची पोटे यंत्रमागावर चालतात. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला विजेचा दाब उतरला हे कळण्यासाठी घड्याळ पाहावे लागत नाही. मोटर मंदावली की मागाचे ठोके दूर दूर पडू लागतात, आणि त्याच क्षणी मोटरचा घूंकारही खाली उतरतो. ठोके विरळ होणे आणि सूर उतरणे या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. एकाच फिरण्याची ती दोन रूपे होत. ग्रामोफोनच्या तबकडीचे अगदी असेच आहे. ती मूळ वेगाहून जलद फिरविली तर लय वाढेल, पट्टी चढेल, आणि आवाजाचा रंगही बदलेल. तिन्ही एकदम, एकाच प्रमाणात. त्यांपैकी एकच बदलावे आणि दोन तशीच राहावीत ही सोय तबकडीत नाही.

तबकडीवर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा आकडा छापलेला आपण पाहतो, आणि या सर्व जुन्या तबकड्यांना 'अठ्ठ्याहत्तरच्या' म्हणण्याची रूढीही आहे. पण हे एकमत मागाहून झालेले. विजेवर चालणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा प्रसार पाश्चात्त्य देशांत १९२५ नंतर आणि आपल्याकडे त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला. तोपर्यंत मुद्रण करणारे यंत्र वजन सोडून फिरविले जाई आणि त्याचा वेग चालकाच्या हातात असे. कोणी सत्तरीच्या आसपास ठेवी, कोणी ऐंशीच्या पलीकडे जाई. पद जरा लांबले आणि तबकडीवर मावेना, तर यंत्र किंचित मंद ठेवावे, ही युक्ती चालकांना माहीत होती. त्या वेळी मेणावर किती फेऱ्यांनी रेघ उठली याची नोंद लेबलावर होत नसे. घरोघरी वाजविणाऱ्यांचे यंत्र तर चावीचे. चावी उतरत आली की गवई झोपेला आल्यासारखा खाली खाली जाई, आणि घरातले एखादे पोर धावत जाऊन चावी भरी. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना पट्टी आणि लय यांचे लग्न वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता हिशेब पाहू. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाणे, म्हणजे पांढरी एकवरून काळी एकवर, यात स्वराची कंपने सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात. एखादे पद चौऱ्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित झाले असेल आणि आपण ते अठ्ठ्याहत्तरने वाजविले, तर फरक साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर पडतो. म्हणजे गायकाचा षड्ज जवळजवळ एक घर वर सरकतो. राग मात्र बिघडत नाही. भूपाचे पाचही स्वर षड्जासह एकदमच वर जातात, त्यांची परस्परांतील अंतरे जशीच्या तशी राहतात. म्हणून तर हा दोष इतकी वर्षे लपून राहिला. रागाच्या कानाने ऐकणारा आपला श्रोता रागात चूक नाही एवढ्यावर समाधान मानतो.

पश्चिमेकडील संगीत नाटकाच्या, म्हणजे ऑपेराच्या, अभ्यासकांना हा प्रश्न फार आधी भेडसावला आणि त्यांच्याजवळ उत्तर शोधावयाचे एक साधन होते. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. फ्रेड गैसबर्ग नावाच्या ज्या तंत्रज्ञाने १९०२ च्या एप्रिलात मिलान येथे एन्रिको कारुसो या इटालियन गायकाची ऑपेरातील दहा पदे मुद्रित केली, त्याच गैसबर्गने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मेणावर उतरविला. यंत्र तसलेच, माणूस तोच. पण कारुसोची तबकडी हाती आली म्हणजे तिकडचा अभ्यासक ग्रंथालयातून रचनाकाराची छापील संहिता काढतो. त्या संहितेवर स्वरांची पट्टी नक्की असते. पुष्कळदा लयीचा आकडाही दिलेला असतो, कारण वेर्दीसारखे रचनाकार दर मिनिटाला किती मात्रा हव्यात हे लिहून ठेवीत. पद अमुक पट्टीत आहे, तबकडीतून ते अर्धा स्वर वर निघते, तेव्हा वेग कमी करा, इतका हा सरळ व्यवहार.

अर्थात तिकडेही सारे आलबेल नाही. वेर्दीच्या १८५३ सालच्या 'इल त्रोवातोरे' नाटकातील नायकाचे एक वीररसाचे पद पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर पांढरी एकमध्ये लिहिलेले आहे. त्यात प्रेक्षकांना हवा असलेला तारस्वर न झेपणारे अनेक गायक ते अर्धा स्वर उतरवून गात. आता तबकडी संहितेपेक्षा अर्धा स्वर खाली वाजू लागली, तर यंत्र मंद आहे की गायक हुशार आहे? येथे संहिता गप्प बसते आणि अभ्यासकाला कानाकडे वळावे लागते.

आपल्याकडे मात्र संहिता आरंभापासूनच गप्प आहे. आपली जुनी छापील नाटके उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर मूळ चालीची खूण असते, राग दिलेला असतो, ताल दिलेला असतो. 'त्रिवट' असे लिहिले म्हणजे सोळा मात्रा कळल्या. पण त्या सोळा मात्रा किती वेळात घ्यावयाच्या हे लिहिलेले नसते, आणि षड्ज कोठे लावावयाचा हे तर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. षड्ज गायकाचा. रुक्मिणीच्या पदाची पट्टी म्हणजे त्या रात्री रुक्मिणी झालेल्या नटाच्या गळ्याची पट्टी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. तेथे दोन मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर आले, पण प्रत्येकाने आपापला षड्ज बरोबर आणला. यात आपल्या संगीताचे स्वातंत्र्य आहे आणि मला ते प्रिय आहे. परंतु इतिहासकाराची मात्र त्याने अडचण करून ठेवली.

सुदैवाने एक साक्षीदार उरला आहे, आणि तो असा आहे की ज्याचा आपण पिढ्यानपिढ्या उपहास करीत आलो. तो साक्षीदार म्हणजे पेटी, आणि रंगभूमीवर तिची थोरली बहीण ऑर्गन.

पेटीविरुद्धची फिर्याद सर्वांना ठाऊक आहे. तिचे स्वर ठोकळेवजा बारा भागांत कापलेले, तिला मींड नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत. हे आरोप खोटे नाहीत. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढले आणि ती बंदी पुढे तीसएक वर्षे टिकली. असे असूनही मराठी रंगभूमीने तिला सोडले नाही. 'मानापमाना'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतःच श्रेष्ठ दर्जाचे पेटीवादक होते, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचे चित्र ऑर्गनच्या भरदार सुराशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. आता गंमत पाहा. तंबोऱ्याचा षड्ज गायक लावील तेथे लागतो, सारंगी त्याच्यामागे जाते. ही दोन्ही सुरेल वाद्ये, पण वेगाच्या खटल्यात त्यांची साक्ष चालत नाही, कारण ती कोणत्याही षड्जाला 'होय' म्हणतात. ऑर्गनच्या पितळी जिभा मात्र कारखान्यात एकदा घासून बसविलेल्या. गायकाचा षड्ज त्यांपैकी कोणत्या तरी एका जिभेवर पडलाच पाहिजे. दोन पट्ट्यांच्या मध्ये तो लटकू शकत नाही. तबकडी लावावी, ऑर्गनचा षड्ज ऐकावा, आणि तो पांढरी एक आणि काळी एक यांच्या बरोबर मधोमध निघाला, तर वेगावर संशय घेण्यास आधार मिळाला. ज्या ठोकळेपणाबद्दल आपण तिला नावे ठेवली, तोच येथे उपयोगी पडतो.

तथापि ही साक्षही संपूर्ण नाही, हे सांगितले पाहिजे. आज जगात मध्यसप्तकातील धैवतासारख्या एका ठरावीक स्वराला सेकंदाला ४४० कंपने हे प्रमाण मानतात. पण त्यावर आंतरराष्ट्रीय एकमत झाले ते १९३९ साली. त्यापूर्वी फ्रान्समध्ये ४३५ चे प्रमाण होते, तर इंग्लंडमध्ये ४५२ पर्यंत चढलेली वाद्ये वाजत. आपल्याकडे आलेले ऑर्गन निरनिराळ्या देशांतील होते. ४३५ आणि ४५२ यांतले अंतर अर्ध्या स्वराच्या दोनतृतीयांशाइतके भरते. तेव्हा एका तबकडीवरून निकाल देऊ नये. एकाच गायकाच्या, एकाच बैठकीत उतरविलेल्या चार-सहा तबकड्या एकत्र घ्याव्यात. ऑर्गन तोच असणार. त्या सर्वांचा षड्ज ज्या वेगाने एकमेकांशी जुळतो आणि गायकाच्या माहीत असलेल्या पट्टीच्या जवळ येतो, तो वेग खरा मानावा. आणखी एक बारीक परीक्षा आहे. त्याच तबकडीचा आरंभीचा आणि अखेरचा षड्ज ताडून पाहावा. ऑर्गनचा सूर तीन मिनिटांत हलत नाही. तो हललेला ऐकू आला, तर मुद्रणाच्या वेळी यंत्रच वेग बदलीत होते.

एवढे शोधून हाती काय लागते? प्रथम पट्टीचा आणि आवाजाच्या रंगाचा प्रश्न घेऊ, कारण तेथे यंत्राचा अपराध सर्वांत मोठा आहे. माणसाच्या आवाजाची ओळख केवळ स्वराच्या उंचीने होत नाही. घसा आणि मुख यांच्या पोकळीत ठरावीक उंचीचे नाद घुमतात, आणि त्यांवरून आपण हा पुरुष, ही स्त्री, हे मूल असे न पाहता सांगतो. एखादा पुरुष उंच पट्टीत गाऊ लागला तर त्याचा स्वर चढतो, पण त्याच्या मुखाची पोकळी लहान होत नाही, म्हणून तो पुरुषच वाटतो. तबकडी जलद फिरली म्हणजे मात्र स्वराबरोबर ती पोकळीही जणू आखडते. 'आ'कार अरुंद होतो, 'स' आणि 'श' शिट्टीसारखे टोचू लागतात, आणि प्रौढ गवयाच्या जागी एखादा पोरगा गाऊ लागतो. भर म्हणून जुन्या कर्ण्याच्या मुद्रणात खर्जाकडचा नाद जवळजवळ गळून जाई, आणि वरचा नादही अडीच हजार कंपनांच्या आसपास तोकडा पडे. आवाज आधीच मधल्या पट्ट्यापुरता उरलेला, त्यात वेगाची ही भर.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या बारीक गोष्टीला फार मोठा अर्थ येतो, कारण आपल्याकडे स्त्रीभूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐकून आजचा तरुण सहज म्हणून जातो की ते हुबेहूब बाईच्या आवाजात गात. हे विधान स्तुती म्हणून केले जाते, पण ते त्यांच्या कलेवर अन्याय करणारे आहे. स्त्रीचा कृत्रिम आवाज काढून गाणे ही त्यांची रीत नव्हती. ते आपल्या निसर्गदत्त गळ्याने गात, आणि रुक्मिणी, भामिनी, सिंधू उभ्या राहत त्या शब्दाच्या उच्चाराने, स्वराच्या आर्जवाने आणि लयीत घेतलेल्या लहानशा विलंबाने. 'एकच प्याला'तली सिंधू २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आली. तिच्या पदांतला करुण रस हा आवाजाच्या बारीकपणातून आलेला नाही. तो बारीकपणा जर चार-पाच फेऱ्यांच्या चुकीने आला असेल आणि आपण त्यालाच करुण रस समजून त्याचे अनुकरण करू लागलो, तर आपण गायकाची नव्हे, यंत्राची नक्कल करीत आहो. नाट्यसंगीत शिकणाऱ्या पुरुष गायकांना गळा आवळून गाताना ऐकले म्हणजे मला या गोष्टीची फार शंका येते.

लयीचा प्रश्न निराळा आहे, आणि येथे मी यंत्राचा वकील होणार आहे. जुन्या तबकड्या घाईच्या वाटतात त्या वेग चुकल्यामुळे, असे म्हणण्याची अलीकडे रीत पडली आहे. हिशेबाने ते टिकत नाही. त्रिवटाचे एक आवर्तन तबकडीत आठ सेकंदांत येते असे धरू. म्हणजे मिनिटाला एकशेवीस मात्रा झाल्या. वेग पाच टक्क्यांनी उतरविला तर त्या एकशे चौदा होतील. तीन मिनिटांच्या पदात जास्तीत जास्त दहा सेकंदांचा फरक. पट्टी एक घर सरकली हे पेटीवाल्याला तत्काळ कळेल, आवाजाचा रंग बदलला हे कोणालाही कळेल, पण एकशेवीस आणि एकशेचौदा यांतला भेद निवांतपणा आणि घाई यांतला भेद नव्हे. मध्यलयीतले पद यंत्राच्या चुकीने द्रुत होत नाही. ती घाई खरी आहे. ती गायकाने केलेली आहे. प्रश्न एवढाच की ती त्याने का केली.

उत्तर तबकडीच्या आकारात आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. नाटकातले पद किती वेळ चाले? त्याला माप नव्हते. प्रयोग रात्री उशिरापर्यंत रंगत, 'वन्समोअर'चा गजर होई, आणि त्याच पदाची पुन्हा नव्याने मांडणी होई. मुखडा तोच, पण प्रत्येक वेळी समेवर येण्याची वाट निराळी. अहमदजान थिरकवाँसारखा तबलावादक आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला असलेल्या मंडळीत हे घडणे स्वाभाविकच होते. हे सारे तीन मिनिटांच्या डबीत घालावयाचे म्हणजे काही टाकावे लागणार आणि काही दाबावे लागणार. गायकांनी आलाप टाकला, विस्तार टाकला, अंतऱ्यानंतरच्या ताना मोजून घेतल्या, आणि तरीही उरलेले मावावे म्हणून लय थोडी पुढे घेतली. पहिल्या काळात गौहरजानसारख्या गायिकेला त्याच तीन मिनिटांत शेवटी स्वतःचे नावही पुकारून सांगावे लागे.

याचा अर्थ भास्करबुवांच्या चालीच्या बाबतीत असा होतो. तबकडीने चालीचा सांगाडा फार प्रामाणिकपणे जपला. मुखडा कोठून उठतो, सम कोणत्या अक्षरावर येते, अंतऱ्याचा षड्ज कसा लागतो, हे सर्व तेथे आहे. पण त्या सांगाड्यावर जे मांस-रक्त बुवांनी कल्पिले होते, ज्यासाठी त्यांनी खयालाच्या वळणाच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या, ते तबकडीत नाही आणि असू शकत नव्हते. बुवांनी 'स्वयंवरा'ला दिलेला भूप हा विस्तार मागणारा भूप आहे. तो तीन मिनिटांत गायिला म्हणजे खोटा होत नाही, पण आखडून बसतो. आणि ज्या पिढीने तो केवळ तबकडीवरून ऐकला, तिने हे आखडून बसणे हीच त्या पदाची मूळ बैठक मानली. स्पर्धांतून आणि वर्गांतून ही पदे आजही बहुधा तबकडीच्या लयीत गायिली जातात, जणू गायकाला तीन मिनिटांच्या पुढे कोणी परवानगीच दिलेली नाही.

बालगंधर्वांचे मोठेपण मला यातच दिसते की या डबीत बसूनही त्यांचा निवांतपणा पुरता हरवत नाही. लय पुढे गेलेली असते, पण शब्द मात्रेवर आदळत नाही. तो मात्रेच्या किंचित मागे राहून, समेच्या वेळी अलगद घरी पोचतो. यंत्राचा वेग काहीही असो, शब्द आणि मात्रा यांमधले हे प्रमाण बदलत नाही. तबकडीत खात्रीने खरे असे जर काही असेल तर ते हेच. वेग चुकला तर पट्टी चुकते, रंग चुकतो, लय थोडी चुकते. पण दोन गोष्टींमधले नाते चुकत नाही.

पुढे तबकडीने केवळ मुद्रणच नव्हे तर नाटकाच्या पदाचीच घडण बदलली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आले. त्यातील केशवराव भोळे यांच्या चाली लहान, नेमक्या, भावगीताच्या अंगाने जाणाऱ्या होत्या. १९४२ च्या 'कुलवधू'त मास्तर कृष्णरावांनी, म्हणजे भास्करबुवांच्याच शिष्याने, आटोपशीर पदांची तीच वाट धरली आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या गळ्यातून ती पदे घरोघर गेली. या पदांना तबकडीत कोंबावे लागत नसे. ती तबकडीच्या मापानेच जन्माला आली होती. काही जुन्या रसिकांना हा ऱ्हास वाटला. मला तसे वाटत नाही. मोठ्या वस्तूचे लहान चित्र काढण्यापेक्षा लहान वस्तू लहानच घडविणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. नंतर मंदगती मोठ्या तबकडीचा काळ आला. एका बाजूस वीस मिनिटांवर गाणे मावू लागले, वेग यंत्रानेच पक्का बांधला गेला, आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर येईपर्यंत वेगाचा हा खटला नव्या मुद्रणांपुरता निकालात निघाला होता.

जुन्यांपुरता मात्र तो आज अधिक गुंतागुंतीचा होऊ पाहत आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवरून नव्या प्रती होतात आणि त्या हातातल्या फोनवर येऊन पोचतात. एकाच पदाच्या दोन प्रती ऐकल्या तर एकीचा षड्ज काळी एकच्या आसपास आणि दुसरीचा पांढरी दोनला लागून, असे सर्रास आढळते. पूर्वी निदान एवढे तरी निश्चित होते की पट्टी आणि लय एकत्र हलतील. आता संगणकाने हे लग्नही मोडले आहे. लय तशीच ठेवून पट्टी सरकविता येते, पट्टी तशीच ठेवून लय खेचता येते. कोणी हौसेने आपल्या गळ्याला सोयीचा षड्ज करून ठेवतो, आणि तीच प्रत पुढे शंभर ठिकाणी जाते. ऑर्गनची साक्ष अशा प्रतीत निकामी होते, कारण साक्षीदाराच्या तोंडात दुसऱ्याचेच शब्द घातलेले असतात. म्हणून जुनी तबकडी उतरवून घेणाऱ्यांना एकच विनंती आहे. तबकडी किती फेऱ्यांनी फिरविली हे त्या प्रतीबरोबर लिहून ठेवावे, आणि नंतर काहीही सरकवू नये. फेऱ्या मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या विजेच्या दिव्याखाली सत्त्याहत्तर रेघांची चकती तबकडीवर ठेवावी. रेघा स्थिर दिसल्या की वेग अठ्ठ्याहत्तरला चिकटून आहे असे समजावे. हा आकडा खरा असेलच असे नाही, पण तो लिहिलेला असला म्हणजे पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते.

बमरोली-पांडेसऱ्याकडे पाळी सुटल्यावर सायंकाळी पेटी शिकू इच्छिणारा एखादा मुलगा असेल, आणि त्याच्या फोनवर रुक्मिणीच्या भूपाच्या अशा दोन प्रती असतील, तर त्याने कोणती खरी मानावी? त्याने प्रथम दोहोंतला ऑर्गन आपल्या पेटीशी ताडून पाहावा. जो पट्टीवर नीट बसेल आणि ज्यातला 'स' टोचणार नाही, तो जवळचा. त्यावरून मुखडा, सम आणि अंतरा पक्का करावा. मग फोन बाजूला ठेवून तेच पद आपल्या षड्जात, त्रिवटाच्या प्रत्येक मात्रेला थोडा अवकाश देऊन, सात-आठ मिनिटे गाऊन पाहावे. कठोरच्या बुवांची ती चाल तेवढा वेळ सहज पुरते.